तारीख नसलेली भांडी

१६ डिसेंबर, सोमवार

आज मार्गळी लागली. या महिन्यात कुणी घर बदलत नाही. म्हणून अप्पांच्या मते आवरायला आपल्याला पूर्ण महिना मिळाला, आणि अम्माच्या मते महिनाभर तो विषय काढायचं कारण नाही. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि टेप घेऊन फ्लॅट मोजून आले.

मेडिकल कॉलेज रोडला, तिसरा मजला. लिफ्ट आहे. अप्पांच्या गुडघ्यांसाठीच हे सगळं चाललं आहे. इथे मेलवीथीच्या घरात रस्त्यावरच्या ओट्यापासून मागच्या विहिरीपर्यंत जायला त्यांना दोनदा बसावं लागतं. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एकच परण आहे, साडेचार फुटांचा. या घरात परण, म्हणजे माळे, तीन आहेत आणि तिन्हींवर काय काय आहे हे कुणालाच पूर्ण माहीत नाही.

अम्माने एकच प्रश्न विचारला. "हॉलमध्ये पोंगलला अण्णा-वैनी जेवायला बसतील ना?"

अण्णा म्हणजे माझे सीताराममामा, तिरुवैयारुला मृदंग शिकवतात. अम्माच्या माहेरचं आता तेवढंच माणूस. दर पोंगलला ते बहिणीचं सीर घेऊन येतात: ऊस, पानांसकट हळदीचा गड्डा, नवे तांदूळ, गूळ. अम्माच्या लग्नापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. डिसेंबर लागला की अम्मा दिवस मोजायला लागते, पण तसं कबूल करत नाही.

"बसतील," मी म्हटलं. मग आठवलं, मी परण मोजला, हॉल मोजलाच नाही. न मोजता सांगितलं. उद्या पुन्हा जायला हवं.

ही वही मी देवनागरीत लिहिते आहे. लहानपणी मला दमा होता, म्हणून चौथीपर्यंत अप्पांनीच घरी शिकवलं, ओट्यावर, पाटीवर. घरात आम्ही बोलतो ते निम्मं तमिळ, लिहिते ते अप्पांचं पुस्तकी मराठी. प्रणवेश चेन्नईहून आला तरी त्याला हे वाचता येणार नाही. धाकट्या भावांपासून वही लपवायला याहून चांगलं कुलूप नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

हॉल मोजला. सहा माणसं बसतात. बरं वाटलं.

अप्पांच्या कपाटात चौतीस किल्ल्या निघाल्या. त्यांतल्या तीन कुलपांच्या. उरलेल्या कशाच्या, असं विचारलं तर म्हणाले, "ते कळेपर्यंत टाकता येत नाहीत." मी म्हटलं, गेल्या वर्षभरात हातात न घेतलेली वस्तू फ्लॅटवर यायची नाही, असा नियम आपणच केला आहे. तर त्यांनी सगळ्या किल्ल्या ओंजळीत घेतल्या, जरा खुळखुळवल्या आणि परत ठेवल्या. "घेतल्या हातात," म्हणाले.

नियमात ही फट राहून गेली याचं दिवसभर वाईट वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार

भागीरथीमामी मदतीला आल्या होत्या. मामांना मार्गळीत श्वास घ्यायला फुरसत नसते, रोज कुणा ना कुणा विद्यार्थ्याची कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल. मामी एकट्याच टाउन बसने आल्या, आल्याआल्या पदर खोचला.

अम्माने त्यांच्यासाठी मुद्दाम पायस केलं, तिच्या मोठ्या कांशाच्या उरुळीत. सणासुदीचं पायस त्याच रुंद भांड्यात व्हायचं, दुसऱ्या कशात केलं तर अम्माला ते पायस वाटत नाही. मामींनी खाल्लं नाही. आमच्याकडे त्या कधीच पायस खात नाहीत. साखर आहे म्हणतात.

इथे एक लिहू की नको असं झालं आहे. मामींची रक्ततपासणी आमच्याच लॅबमध्ये होते आणि मागची मीच केली होती. साखर अजिबात नाही. आणि कार्तिकात त्यांच्या घरी मी त्यांना गुळाची पोळी खाताना पाहिलं, तुपासकट. पेशंटची माहिती बाहेर सांगू नये असा लॅबचा नियम आहे. वही म्हणजे बाहेर का? तूर्त राहू दे. लागलं तर खोडीन.

जेवणं झाल्यावर अम्मा म्हणाली, "वैनी, ठेवा ती भांडी, बाई येईल." मामी म्हणाल्या, "बाकीची येऊ दे बाईकडे. उरुळी मी घासते." आणि विहिरीपाशी बसून त्यांनी ती चिंचेने घासली. अर्धा तास. आतून, बाहेरून, काठाच्या खालून. मग पदराने पुसून उन्हात ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या.

"फ्लॅटमध्ये एवढी मोठी भांडी कुठे राहायची?" त्यांनी विचारलं.

"बघायचं," अम्मा म्हणाली. "अस्क तर काही नेता येत नाही."

अस्क म्हणजे सगळं. हा शब्द मी तंजावूरबाहेरच्या एकाही मराठी माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मामींना स्वच्छतेची फारच आवड आहे.

२५ डिसेंबर, बुधवार

लॅबला सुट्टी. तिन्ही परणांवरची भांडी खाली काढली. एवरसिल्वर म्हणजे स्टील, पितळ, कांसं मिळून दोनशे बारा. अम्मा मधोमध बसून म्हणत होती, "हे राहू दे, हेही राहू दे." अशी चाळीस राहू दिल्यावर मी तिला कॉफी करायला पाठवलं.

मग मला एक पद्धत सुचली. आमच्याकडे भांड्यावर नाव असतंच. घरची असतील तर अप्पांची आद्याक्षरं. लग्नामुंजीत आलेली असतील तर देणाऱ्याचं नाव आणि खाली तारीख. पण तिसरी एक जात निघाली: नाव आहे, आमचं नाही आणि तारीखही नाही. म्हणजे ती आहेरातली नव्हेत. कुणाच्या तरी घरून काही भरून आली आणि रिकामी होऊन इथेच राहिली. अशी अकरा भांडी. काही तर माझ्या जन्माआधीपासून.

अप्पांनी पाटीवर अक्षरांच्याही आधी हेच शिकवलं होतं, की दुसऱ्याचं आपल्याकडे ठेवायचं नाही. आणि लॅबमध्ये तर नळीवर ज्याचं नाव, रक्त त्याचं. त्यात दुमत नसतं.

अकरावं भांडं म्हणजे उरुळी. मामींनी इतकी लख्ख घासली म्हणून काठाखालची तमिळ अक्षरं वाचता आली: वेंकटराव, ओरत्तनाडु. तारीख नाही.

"अप्पा, ओरत्तनाडूचे वेंकटराव कोण?"

"भागीरथीचे वडील. गेले बिचारे," अप्पा पेपरामागून म्हणाले.

"त्यांचं भांडं आपल्याकडे आहे. परत करू ना?"

"कर की."

अम्माला मोघमच विचारलं, "दुसऱ्यांची भांडी परत केली तर चालेल ना?" ती म्हणाली, "हे विचारायचं असतं का?" कुठली कुठली ते सांगितलं नाही. आपण इतकी वर्षं वैनीच्या माहेरच्या भांड्यात पायस करत होतो हे कळलं तर ती शरमेने आजारी पडेल.

२९ डिसेंबर, रविवार

पाच घरं झाली. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, म्हणून अम्माने प्रत्येकात काही ना काही घातलं. मुरुक्कू, सुंडल, दोन लिंबं.

पण यात एक अडचण आहे. कोपऱ्यावरच्या नटराज वाध्यारांच्या बायकोने आपला तूक्कु, म्हणजे कडीचा डबा, हातात घेतला, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आतून आमचा मुरुक्कूचा सोऱ्या आणून दिला. अप्पांची आद्याक्षरं होती. दुसऱ्या घरून आमची झारी आली, तिसऱ्या घरून पितळी डबा आणि एक चटई. चटई आमची नाही, पण त्या ऐकेनात.

गेली पाच, आली सात. प्रणवेश फोनवर म्हणाला, "अक्का, अशीच चालू राहिलीस तर आपल्याला मोठा फ्लॅट बघावा लागेल." मी त्याला सांगितलं, हे हसण्यावारी न्यायचं काम नाही.

५ जानेवारी, रविवार

उरुळी पोचवली. अम्मा देवळात गेली होती तेव्हा गोणपाटात गुंडाळून स्कूटीवर पायांपाशी ठेवली आणि तिरुवैयारुला गेले. आत अर्धा किलो गूळ घातला होता.

मामा घरी नव्हते. मामींनी दार उघडलं, मी गोणपाट सोडलं.

"मामी, हे तुमच्या वडिलांचं नाव आहे. आमच्याकडे चुकून राहिलं. फार उशीर झाला, क्षमा करा."

मामींनी गोणपाट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "राजमने पाठवलं?"

"अम्माला याचं वेगळं सांगितलं नाही. पण दुसऱ्यांची भांडी परत करायला तिची एकंदर परवानगी आहे."

"सीताराममामांनी काही सांगितलं का तुज?"

"नाही. त्यांना विचारायला हवं होतं का?"

मामी खाली बसल्या. उरुळी मांडीवर घेतली आणि काठाखालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आंधळी माणसं फिरवतात तसं. मग आत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते.

त्यांनी मला पाच डोसे खायला घातले. मी तीनवर हात आडवा धरला तर हातावरच वाढला. निघताना नारत्तंगाय लोणच्याची बरणी दिली. मी म्हटलं, मामी, आम्ही सामान कमी करतो आहोत. म्हणाल्या, "खाऊन कमी करा."

बाहेर स्कूटीपर्यंत आल्या. "विनू, तू फार शिस्तीची पोर आहेस," एवढंच म्हणाल्या.

हे रागाने म्हणाल्या की कसं, ते रस्ताभर ठरवता आलं नाही. लाल डोळ्यांवरून राग वाटतो. इतकी वर्षं भांडं ठेवून घेतलं म्हणून असेल.

८ जानेवारी, बुधवार

माझ्या हातून काय झालं आहे ते नीट लिहून ठेवते.

पोंगलसाठी उरुळी बाहेर काढायला अम्मा परणाशी गेली.

"उरुळी कुठे गेली?"

"परत केली."

"कुणाला?"

"मामींना. त्यांच्या वडिलांचं नाव होतं, तारीख नव्हती."

अम्मा तांदळाच्या डब्यावर बसली. "ती अण्णाने दिली होती," म्हणाली. "लग्नानंतरचा माझा पहिला पोंगल. पहिलं सीर."

"पण तारीख नव्हती, अम्मा."

"भाऊ तारीख घालून देतो का?"

"मग वेंकटरावांचं नाव?"

"दोघांनी मिळून दिली असेल, वैनींनी माहेरून आणली असेल. मी काय विचारत बसायचं, हे नाव कसं म्हणून? सीर येतं ते डोळ्यांना लावून आत ठेवायचं असतं." मग अगदी हळू म्हणाली, "सीर परत पाठवणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुज? आजपासून तू माझा भाऊ नाहीस. याहून दुसरा अर्थ नाही."

अप्पा दारात येऊन म्हणाले, "तिने मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं."

"तुम्ही पेपर वाचत होता."

"हो," अप्पा म्हणाले. "वाचत होतो."

पोंगलला सहा दिवस आहेत.

९ जानेवारी, गुरुवार

अम्माने मामांना फोन केला. ते म्हणाले, "क्लास चालू आहे राजम, मग बोलतो," आणि ठेवला. अम्मा फोनकडे बघत राहिली. दुपारचा एक वाजला होता. एक वाजता मामा पानावर असतात, जेवण झाल्याशिवाय देवाशीही बोलत नाहीत, मग क्लास कुठला?

संध्याकाळी पुन्हा केला. मामींनी घेतला. आवाज मजेत होता असं अम्मा म्हणते, आणि तेच तिला जास्त लागलं. "एवढं होऊन मला विचारतात, लोणचं कसं झालंय."

मी म्हटलं, मी जाऊन पाय धरते. अम्मा म्हणाली, आता तू काही धरूही नकोस आणि सोडूही नकोस.

१० जानेवारी, शुक्रवार

पाय धरायचे नाहीत म्हटलं आहे, पण पत्राचं काही म्हटलेलं नाही. मामांना पत्र लिहिलं. तमिळमध्ये, कारण त्यांना देवनागरी येत नाही. चार कागद फाडले. शेवटी मुद्दे घातले, म्हणजे गैरसमजाला जागा नको.

एक: उरुळी मी परत केली, अम्माने नाही. तिला माहीतही नव्हतं. दोन: तारीख नाही म्हणजे उसनी, हा नियम माझा होता आणि तो चुकीचा निघाला. तीन: मामींच्या वडिलांचं नाव आपण दिलेल्या सीरावर कसं आलं, हे मला अजून समजलेलं नाही, ते आपण सांगितलंत तर पुढे अशी चूक होणार नाही. चार: शिक्षा मला करावी. अम्मा जेवत नाही.

चौथ्यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं नाही. ती सकाळी दोन इडल्या खाते. पण एरवी चार खाते.

तिसरा मुद्दा ठेवावा की नाही यावर बराच विचार केला. उद्धट वाटू नये. पण खरंच माहीत नाही, म्हणून ठेवला. कुरियरने पाठवलं, उद्या पोचेल.

१३ जानेवारी, सोमवार

आज भोगी, जुनं बाहेर काढायचा दिवस. आठ चटया, तीन मोडके स्टूल, प्रणवेशची शाळेची पुस्तकं आणि एक पाळणा कुणी कुणी घेऊन गेलं. अप्पांनी अम्माचा चेहरा बघितला आणि किल्ल्यांचा पुडा आपणहून मोडीवाल्या मणीला देऊन टाकला. तिला हसू यावं म्हणून. ती हसली नाही. संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना त्यांच्या खिशात सहा किल्ल्या निघाल्या, तेव्हा मात्र जराशी हसली.

मामांचा फोन नाही. पत्राला उत्तर नाही.

तरी अम्माने हॉलमध्ये दोन पाट धुऊन ठेवले आहेत.

१४ जानेवारी, मंगळवार

या घरातला शेवटचा पोंगल. अंगणात पातेल्यात दूध उतू गेलं, आम्ही तिघांनी "पोंगलो पोंगल" म्हटलं, सूर्याला नैवेद्य झाला. दहा वाजले. बारा वाजले. रस्त्यावर ऑटो थांबला की अम्मा काही तरी निमित्त काढून ओट्यावर जायची. शेजारणीने विचारलं, "अजून आले नाहीत?" अम्मा म्हणाली, "बसला गर्दी असते ना."

तीन वाजता आम्ही जेवलो. पाट तसेच होते.

संध्याकाळी ती बाजारात गेली आणि हळदीची पानं विकत घेऊन आली. उद्या काणु. भावांना आयुष्य मिळावं म्हणून बहिणी सकाळी हळदीच्या पानावर रंगीत भाताच्या मुठी ठेवतात. ते पान भावाने आणलेल्या सीरातलं असतं. विकत आणलेलं मी आमच्या घरात प्रथमच पाहिलं.

मी विचारलं, "मामा तुझ्याशी बोलत नाहीत, तरी ठेवणार?"

"भाताचं आणि बोलण्याचं काय?" अम्मा म्हणाली.

१५ जानेवारी, बुधवार

आज बरंच लिहायचं आहे.

सकाळी सातला आम्ही गच्चीवर होतो. अम्माने पान मांडलं, पिवळ्या भाताची एक मूठ ठेवली, मग लाल, मग दहीभाताची. ओठ हलत होते. तेवढ्यात खाली ऑटो थांबला. दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आले होते, त्यामुळे आत कोण आहे ते दिसत नव्हतं, पण मामांचा आवाज ऐकू आला, "हळू, हळदीचा गड्डा मोडेल."

अम्मा जिन्यावरून उतरली तशी मी तिला कधीच उतरताना पाहिलेली नाही. हाताला भात तसाच होता.

मामा ओट्यावर उभे, हातात ऊस. मागे मामी. मामांची दाढी वाढलेली होती, काल केली नव्हती की काय कोण जाणे.

"अण्णा, आत या," अम्मा म्हणाली.

"थांब राजम. आधी बोलू दे, नाहीतर ही मला आत येऊ द्यायची नाही. कालपासून घरात हेच चाललंय."

"कालपासून?" मामी म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांपासून म्हणा."

मामांनी ऊस भिंतीला टेकवला. "ती उरुळी माझी नव्हती. हिची होती. हिच्या अप्पांनी हिला दिलेली. ही बाळंतपणाला ओरत्तनाडूला गेलेली आणि तुझं पहिलं सीर आलं. मी कासाराला भांडं सांगितलं होतं, त्याने वेळेवर दिलं नाही. रिकाम्या हाताने तुझ्या सासरी येऊ? पेटी उघडली तर वरच ही. म्हटलं, ही यायच्या आत दुसरी आणून ठेवू, कळायचं नाही."

"आल्या दिवशी कळलं," मामी म्हणाल्या. "विचारलं तर म्हणाले, मज काय ठाऊक, तूच माहेरी नेली असशील. महिन्याभराने इथे जेवायला आले. पाहते तर पायस वाढतायत, माझ्याच उरुळीतून."

अम्मा ओट्यावर खाली बसली. "मी वाढत होते? तुम्हाला?"

"पळीभर जास्तच वाढलंस."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत, वैनी? सत्तावीस वर्षं?"

"काय बोलू? तुझ्या भावाने माझ्या पेटीतून उचलून तुझं सीर केलं म्हणून? नवी नवरी तू, सासरी. तुज एकच भाऊ." मामींनी पदर सारखा केला. "बोलले नाही. फक्त ते पायस काही माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

अप्पांनी घसा खाकरला आणि मामांना म्हणाले, "सीतारामराव, मग फोन का घेत नव्हता?"

"काय तोंडाने घेऊ, भावोजी? घरी आलो तर उरुळी शेल्फवर, समोर ही. एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, राजमला कळलं, म्हणूनच परत पाठवली. आता राजम तोंड बघणार नाही. मग या पोरीचं पत्र आलं. पहिला मुद्दा वाचून जीवात जीव आला. पण तिसरा मुद्दा हिने मोठ्याने वाचला. दोनदा. आणि म्हणाली, लिहा उत्तर, मी पण ऐकते."

"लिहिलंत का?" मी विचारलं. कारण मला ते आलेलं नव्हतं.

"काल दिवसभर लिहीत होते," मामी म्हणाल्या. "म्हणून काल आलो नाही. शेवटी म्हटलं, कागद पुरे, तोंडाने सांगा."

अम्मा हसायला लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग रडतही होती बहुतेक. हातातला लाल भात डोळ्याला लागला. मामींनी तो आपल्या पदराने पुसला. मग अम्मा उठली, मामांच्या पाया पडली, आणि उठल्याउठल्या त्यांच्यासमोर खवणी ठेवली. "तीन नारळ खवायचे, अण्णा. तोवर मी तुमच्याशी बोलणार नाही." मामांनी निमूट खवले.

सीरातली हळदीची पानं तोडून अम्मा पुन्हा गच्चीवर गेली आणि सगळ्या मुठी नव्याने मांडल्या. विकतच्या पानांचं काय करायचं ते मी विचारलं नाही.

दुपारी मी मामींकडे जाऊन रीतसर क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "कशाबद्दल?" मी म्हटलं, नियम चुकीचा होता, चौकशी न करता भांडं हलवलं, अम्माला सांगितलं नाही. त्या ऐकत होत्या आणि पायस खात होत्या. साध्या पातेल्यात केलेलं. तीन वाट्या. साखरेचं मी काही बोलले नाही.

मामांनी नवी उरुळी घेऊन देतो म्हटलं तर अम्मा म्हणाली, "फ्लॅटमध्ये जागा नाही. ऊस आणत जा, तो खाऊन संपतो."

माझा नियम चुकीचा होता की बरोबर, हे मात्र अजून ठरत नाही. नळीसारखंच, नाव ज्याचं, भांडं शेवटी त्याचंच निघालं. पण ज्या कारणाने मी ते परत केलं ते कारण खोटं होतं. हे बरोबर धरायचं की चूक? अप्पांना विचारलं. त्यांनी या वेळी पेपर खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाले, "पास."

३१ जानेवारी, शुक्रवार

आज फ्लॅटवर आलो. एकशे तीस भांडी कमी झाली. अम्माला कुठलं गेलं ते एकेक सांगता येतं, पण सांगत नाही.

नव्या घरी आधी दूध उतू घालायचं असतं. मंगळवारी अम्मा फोनपाशी बरीच घुटमळत होती. मग मामींना म्हणाली, "वैनी, दूध तापवायला तुमची उरुळी मिळेल का? लगेच परत करीन." ती असं काही मागताना मी प्रथमच ऐकलं.

मामी स्वतः घेऊन आल्या, मांडीवर ठेवून, ऑटोने. दूध उतू गेलं, गॅसची शेगडी भरली, सगळे खूश झाले. जेवायला प्रणवेशसकट सहाजण बसले. मामांचा गुडघा टीपॉयला लागत होता.

जाताना मामी उरुळी विसरल्या. मी आठवण केली तर म्हणाल्या, "आत्ता हातात पिशव्या आहेत. रविवारी आण."

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उरुळी गोणपाटात बांधली, आत बदाम घातले आणि लिफ्टने खाली गेले. स्कूटी सुरू केली तर वरून अम्मा. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायची तिला अजून सवय नाही, त्यामुळे सगळ्या इमारतीला ऐकू गेलं. दुसऱ्या मजल्यावरची चार माणसं दुपारी चहाला येणार आहेत, पायस करायचं आहे, भांडं वर आण.

मी म्हटलं, अम्मा, आज परत करायचं ठरलं आहे. ती म्हणाली, "वैनींना फोन कर. मी सांगितलं म्हणून सांग."

मामींना फोन केला. शब्द दिला होता आणि पाळता येत नाही, हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचारलं कशाचं पायस, तांदळाचं की शेवयांचं. मग म्हणाल्या, तांदूळ आधी तुपावर परतायला सांग, राजम नेहमी विसरते. ते मी अम्माला सांगितलं. अम्मा म्हणाली, "त्यांना सांग, काणुच्या दिवसापर्यंत खाल्लं तरी होतं का त्यांनी?" ते मी मामींना सांगितलं. मामी खूप वेळ हसत होत्या.

"मग पुढच्या रविवारी नक्की आणते," मी म्हटलं.

"रविवारी आण," मामी म्हणाल्या. "कुठल्या, ते सांगायला नको."

हे उत्तर मला नीट कळलं नाही. वहीत मी नऊ फेब्रुवारी लिहून ठेवलं आहे.